घाटावर की घाटाखाली?

बुलढाणा जिल्ह्यात गावाची ओळख एका शब्दात होते : घाटावरचे किंवा घाटाखालचे. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याला आडवी छेदून जाते. तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, बुलढाणा शहर आहे. पायथ्याच्या सखल प्रदेशात, तीनशे मीटरच्या आसपास, खामगाव. दोहोंमध्ये सुमारे ५० किलोमीटरची वाट, बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगा अभयारण्याचे रान. निवृत्तीनंतर खेड्यातले घर सोडून दवाखान्याच्या जवळ, पण आपल्याच जिल्ह्यात राहावे असे ठरविणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे ही दोन शहरे उभी राहतात. आपणही त्यांपैकी असाल, तर चौरस फुटाचा भाव विचारण्यापूर्वी ही दोन्ही गावे वृद्धाच्या पावलांनी एकदा फिरून पाहा.

कचेऱ्यांचे गाव, बाजाराचे गाव

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालये यांमुळे येथे बदलीवर येणाऱ्या नोकरदारांचा राबता असतो. साहजिकच भाड्याच्या घरांना मागणी असते. उद्या मुलांकडे जाऊन राहण्याची वेळ आली, तर असे घर रिकामे पडण्याची भीती कमी.

खामगावचा जीव व्यापारात. कापसाच्या बाजारपेठेसाठी १८७० मध्येच जलंबहून येथवर रेल्वेचा फाटा आला. चांदीच्या कामामुळे या गावाला रजतनगरी म्हणतात. २०११ च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या सुमारे ९४ हजार होती, तर बुलढाण्याची सुमारे ६७ हजार. म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण नसूनही खामगावच मोठे. बाजाराजवळच्या जागेसाठी येथे घराची स्पर्धा दुकानाशी असते. त्यामुळे मध्यवस्तीत परवडणारे आणि शांत असे दोन्ही एकत्र मिळणे कठीण.

दोन्ही शहरांत नव्या वसाहती कडेला वाढल्या आहेत : बुलढाण्याला सुंदरखेड, सागवानकडे, खामगावला सुटाळा, घाटपुरीकडे. तेथे भाव उतरतात, अंगण मिळते. मात्र शहराचा पत्ता सांगणारी पुष्कळ घरे प्रत्यक्षात ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतात. नळ, गटार, पथदिवे आणि कचऱ्याची गाडी कोणाची, हे घरमालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारावे. अंधारात खाचखळग्यांचा रस्ता हा तरुणाला त्रास असतो. सत्तरीतल्या माणसाला तो मोडलेला खुबा ठरू शकतो.

भावाची खातरजमा दलालाच्या शब्दावर करू नये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विभागाचा शासकीय बाजारमूल्य दर, म्हणजे आपला परिचित रेडीरेकनर, पाहता येतो. त्याच गल्लीत अलीकडे झालेल्या दोन-तीन खरेदीखतांची सूची क्रमांक दोन काढून पाहिली, की कागदावरचा व्यवहार आणि तोंडी भाव यांतले अंतर कळते.

ऊन आणि गारवा

मे महिन्यात घाटाखाली पारा ४३-४४ अंशांवर जातो. बुलढाण्यात तो उंचीमुळे काही अंशांनी खाली राहतो आणि संध्याकाळी वारा सुटतो. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी आणखी लवकर घटते. म्हणून हे काही अंश वृद्धांसाठी फार मोलाचे आहेत. घाटाखाली घर घेणारच असाल, तर थेट गच्चीखालचा मजला टाळा. तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. पश्चिमेच्या भिंतीवर सावली आहे का, हे दुपारी चार वाजता जाऊन पाहा.

घाटावरच्या गारव्याचीही किंमत आहे. पौष-माघातली थंडी दमेकऱ्यांना आणि सांधेदुखीच्या रुग्णांना जाचते. तेथे सकाळचे ऊन आत येणारे घर निवडावे.

पाणी चाखून नव्हे, तपासून

बुलढाण्याला पैनगंगेवरील येळगावच्या धरणाचे पाणी मिळते, खामगावला ज्ञानगंगा प्रकल्पाचे. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारावा : एप्रिल-मे महिन्यांत नळ किती दिवसांनी येतो? ज्या घरात बादल्या उचलणारे तरुण हात नाहीत, तेथे जमिनीखालची टाकी, मोटार आणि स्नानघरापर्यंतची जोडणी चैनीत मोडत नाही.

खामगावहून शेगावकडे किंवा पुढे पूर्णाकाठी सरकण्याचा विचार असेल, तर अधिक सावध राहावे. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण जास्त असते. संग्रामपूर, जळगाव जामोद भागांतील मूत्रपिंडाच्या रुग्णांचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जाते. बोअर असलेले घर घेताना इसाऱ्याआधी पाण्याचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. घरात रक्तदाबाचा वा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर तो अहवाल आपल्या डॉक्टरांनाही दाखवावा.

रात्री दोन वाजताची वाट

बुलढाण्यात जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. खामगावात सामान्य रुग्णालय आहे. शिवाय अकोल्याचे जुने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तज्ज्ञ डॉक्टर महामार्गाने सुमारे ५० किलोमीटरवर, सपाट वाटेने. बुलढाण्याहून मोठ्या शहराकडे निघायचे, तर छत्रपती संभाजीनगर सुमारे १५० किलोमीटर. अकोल्याकडे वळायचे, तर घाट उतरणे आले. पावसाळ्यातल्या रात्री, धुक्यात, १०८ च्या रुग्णवाहिकेलाही घाट घाईने उतरता येत नाही.

परगावी असलेल्या मुलांचा विचारही येथेच करावा. बुलढाण्याला रेल्वे नाही; सुमारे ४५ किलोमीटरवरच्या मलकापूरला उतरून राजूरचा घाट चढावा लागतो. खामगावकरांना मुंबई-नागपूर मार्गावरचे शेगाव स्थानक पाऊण तासाच्या आत गाठता येते. दोन्ही गावांना एसटीचा आधार आहेच; राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना तिचा प्रवास विनामूल्य आहे, तर ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे भाडे. परंतु बसस्थानकापर्यंत पायी जाता येत नसेल, तर त्या सवलतीचा उपयोग काय?

उंबरठा आणि कागद

ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये निकष ठरविले : दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट, न घसरणाऱ्या फरश्या, स्नानघरात आधाराचे कठडे. आपण पाहात असलेले घर अशा प्रकल्पातले नसले, तरी मोजपट्टी सोबत न्यावी. चाकाची खुर्ची ज्या दारातून आत जात नाही, ते घर स्वस्त असूनही महाग पडते.

जमीन अकृषिक आहे का, मिळकत पत्रिका किंवा सातबारा कोणाच्या नावे आहे, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत एप्रिल २०२१ पासून आहे. आजी-आजोबांच्या घरात आजींचे नाव मालक म्हणून लागण्याचे ते एक चांगले निमित्त. आयुष्याची पुंजी घातलेले घर हयातीतच मुलांच्या नावे करण्याची घाई मात्र करू नये. करायचेच झाले, तर बक्षीसपत्रात देखभालीची अट स्पष्ट लिहावी. ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते रद्द करवून घेता येते.

मग कोणते गाव? हृदयविकार, डायलिसिस यांसारख्या कारणाने तज्ज्ञांकडे वरचेवर जावे लागत असेल आणि मुले रेल्वेने ये-जा करणार असतील, तर घाटाखालचे खामगाव सोयीचे. प्रकृती बेताची पण स्थिर असेल, ऊन सोसत नसेल, सकाळचे फिरणे हेच औषध असेल, तर घाटावरचे बुलढाणे सुखाचे. मात्र आपले पथ्यपाणी पाहणारी भाची, पुतण्या किंवा जुना शेजारी यांपैकी एका गावात असेल, तर बाकीचे सारे हिशेब बाजूला ठेवून तेच गाव निवडावे.

तरीही मन ठरत नसेल, तर अकरा महिन्यांच्या भाडेकराराने आधी राहून पाहावे. त्यात एक मे महिना, एक श्रावण आणि एक पौष येईल असे पाहावे. तेवढ्या भाड्यात आपल्याला घराबरोबर त्याचा शेजारही पारखता येईल.