न येणाऱ्या पाहुण्याची वाट

मैत्रिणींनो, चोवीस तासांतली तुमची अशी हक्काची वेळ कोणती हो? माझी आहे सकाळी सहा ते साडेसहा. दूध तापवून झालेलं असतं, मुलं उठलेली नसतात, ह्यांचा चहा व्हायचा असतो आणि सासूबाई देवघरात असतात. मी इथे कराडला एका शाळेत आठवड्यातले चार दिवस मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका, टाचणं, गुणांचे तक्ते, सगळं या अर्ध्या तासात घरच्या कॉम्प्युटरवर उरकून घेते. त्यातली जवळजवळ तीन मिनिटं त्या यंत्राने नुसतं जागं होण्यातच घालवली तर जीव किती वरखाली होतो, ते ज्यांची सकाळ घड्याळाला बांधलेली आहे त्यांनाच कळेल!

आमचा कॉम्प्युटर तसा जुनाच, आठ वर्षांचा. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि नवं विंडोज ११ काही आमच्या यंत्रावर चढेना. त्या दिवाळीत माझ्या नणंदेचा मुलगा आला होता, पुण्याला इंजिनिअरिंगला आहे तो. म्हणाला, "मामी, टाकू नकोस हं हा. मी लिनक्स घालून देतो." लिनक्स म्हणजे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेलं काम. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली आणि ते सगळ्यांना फुकट मिळतं. त्याचाच एक घरगुती वापराला सोपा प्रकार, लिनक्स मिंट, भाच्याने बसवला. एक छोटी नवी एसएसडी डिस्क घातली, जुनी हार्ड डिस्कही आत ठेवली. यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागलं. मी खूश!

पण संक्रांतीच्या सुमारास जुनी डिस्क कटकट आवाज करायला लागली. आम्ही त्यातले फोटो दुसरीकडे उतरवले आणि गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून ती काढून टाकली. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या थोरल्या चिरंजीवांनी, आठवीत आहेत ते, कॉम्प्युटरवर दोन गेम घातले. आणि त्यानंतरच यंत्र रेंगाळायला लागलं. आता तुम्हीच सांगा, संशय कुणावर येणार?

मी त्याला फैलावर घेतलं. "तुझ्या गेमपायी माझं काम अडतंय!" असं रोज सकाळी सुरू झालं. तो बिचारा म्हणायचा, "आई, खरंच मी काही नाही गं केलं." पण ऐकतंय कोण? गेम काढून टाकायला लावले. वेग काही वाढला नाही. तरी मी म्हटलं, यानेच आत काहीतरी बिघडवून ठेवलंय. महिनाभर त्याला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही.

दुरुस्तीवाला म्हणाला, "वहिनी, याचं आयुष्य संपलं. नवीन घ्या, तीस-पस्तीस हजारांत बसेल." हेही म्हणाले, "अगं, घेऊन टाकू. तुझे पैसे आहेतच की बाजूला." माझ्या पोटात धस्स झालं. ते पैसे बाजूला आहेत, पण ते बी. एड.च्या फीसाठी! चार वर्षं अर्धवेळच्या पगारातून साठवलेत. मी नुसती बी. ए. बी. एड. झाल्याशिवाय मला पूर्णवेळ नोकरी कोण देणार? रात्री झोप लागेना. शेवटी दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन लावला.

तो म्हणाला, "मामी, आधी दोष कुणाचा ते ठरवू नकोस. आधी वेळ मोज." आणि त्याने मला एक आज्ञा सांगितली. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात लिहायचं: सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ. स्पेलिंग जपून लिहा हं: एस वाय एस टी ई एम डी, मग आडवी रेघ, मग ए एन ए एल वाय झेड ई, सगळी लहान अक्षरं. सिस्टमडी म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आतल्या सगळ्या कामांना एकेक करून, काहींना एकदम, उठवणारी व्यवस्था. आपण नाही का घर उठवत, तशीच. आणि कुणाला उठायला किती वेळ लागला याची ती चोख नोंद ठेवते.

आमचा हिशेब असा आला: यंत्राची स्वतःची तयारी ८ सेकंद, लोडर ४, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा ३६, आणि त्यानंतरची बाकीची कामं १ मिनिट ४९ सेकंद. एकूण २ मिनिटं ३७ सेकंद. म्हणजे यंत्र म्हातारं झालंय म्हणावं तर त्याची स्वतःची तयारी आठच सेकंदांत होत होती. घोटाळा पुढेच कुठेतरी होता.

मग त्याच आज्ञेपुढे एक शब्द जोडायचा: ब्लेम. नावच बघा ना, दोष! कोणत्या कामाने किती वेळ खाल्ला याची यादीच समोर येते, सर्वांत हळू तो सर्वांत वर. मी चष्मा पुसून बसले. सगळ्यात वर होतं नेटवर्क जुळायची वाट बघणारं एक काम, सात सेकंदांचं. त्याच्याखाली तीन-चार सेकंदांची किरकोळ मंडळी. दीड मिनिट खाणारं एकही नाव नाही. आणि चिरंजीवांच्या गेमचं तर नावही नाही. भाचा हसून म्हणाला, "मामी, गेम आपण लावल्याशिवाय चालू होतच नाही. तो कॉम्प्युटर सुरू होताना कशाला आडवा येईल?" मी गप्प.

"मग दीड मिनिट गेलं कुठे रे?"

"जो आलाच नाही त्याचं नाव या यादीत येत नाही. यादी फक्त आलेल्यांची असते. आता यंत्र बंद करून सुरू कर आणि चित्र दिसायला लागलं की एस्केपचं बटण दाब."

तसं केलं. चित्र जाऊन भराभर ओळी धावायला लागल्या आणि एका ओळीशी सगळं थबकलं. तिथे एका डिस्कचा लांबलचक क्रमांक होता आणि पुढे आकडे सरकत होते: १ मिनिट ३० पैकी १२ सेकंद, १३, १४... बरोबर दीड मिनिट झालं आणि गाडी पुढे सुटली! नंतर जर्नल-सीटीएल या नोंदवहीतही तेच सापडलं: त्या क्रमांकाच्या डिस्कची वाट पाहिली, ती आली नाही.

कोणती डिस्क? अहो, तीच, आम्ही काढून टाकलेली! भाच्याने दिवाळीत नव्या छोट्या डिस्कवरची जागा वाचावी म्हणून स्वॅप जुन्या डिस्कवर ठेवला होता. स्वॅप म्हणजे आपला माळा समजा. यंत्राच्या मेमरीत जागा पुरेनाशी झाली की जादाचं सामान तिथे टाकायचं. डिस्क गेली, पण एफएसटॅब नावाच्या फायलीत तिचा पत्ता तसाच राहिला. म्हणून सिस्टमडी रोज सकाळी तिच्यासाठी ठरलेलं दीड मिनिट थांबायचं. गाव सोडून गेलेल्या पाहुण्यासाठी ताट वाढून बसावं, तसं.

उपाय पाच मिनिटांचा. आधी त्या फायलीची एक प्रत काढून ठेवली. ही पायरी चुकवू नका. या फायलीत भलतीच चूक झाली तर कॉम्प्युटर सुरूच व्हायचा नाही. ओळ खोडायची नाही, नुसतं तिच्या आरंभी हॅशचं चिन्ह द्यायचं, म्हणजे यंत्र ती वाचत नाही. तत्पूर्वी एलएसबीएलके या आज्ञेला एफ जोडून आत खरोखर असलेल्या डिस्कांचे क्रमांक बघून घेतले. तो क्रमांक त्यांत नव्हता, खात्री पटली. पुन्हा यंत्र सुरू केलं: १ मिनिट ५ सेकंद!

पण कर्नलचे ३६ सेकंद तसेच होते. भाचा म्हणाला, सुरुवातीच्या टप्प्यातही तीच डिस्क शोधली जातेय. तिथे अर्धं मिनिट थांबण्याची मुभा असते. त्याने सांगितलेली अपडेट-इनिटरॅमएफएस ही आज्ञा चालवली आणि जुना पत्ता तिथूनही निघाला. आता एकूण ३४ सेकंद. नव्या डिस्कवर माळ्यासाठी एक छोटी फाईल करून दिली भाच्याने फोनवरूनच.

पस्तीस हजार वाचले. हे म्हणाले, "तू तर इंजिनिअरच झालीस की!" सासूबाईंनी देवासमोर साखर ठेवली. पण मला एका गोष्टीने चैन पडेना.

संध्याकाळी थोरल्याला जवळ बोलावलं. म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं रे. मी तुला उगीच बोलले." तो खाली बघत म्हणाला, "मी सांगत होतो ना आई." बस्स, एवढंच. पुढे काही बोलला नाही. ते एक वाक्य मला महिन्याभराच्या तीन-तीन मिनिटांपेक्षा जड गेलं. वेळ मोजायला मला पाच मिनिटं पुरली असती. पण मी महिनाभर मोजलंच नाही, नुसतं बोलत राहिले.

मैत्रिणींनो, घरातही आपली अशी एक यादी असतेच ना? दूध उतू गेलं, किल्ली हरवली, उशीर झाला की ठरावीक नाव वर येतं. त्या यादीत फक्त समोर असतात त्यांची नावं. जे तिथे नाही, जे कधीच निघून गेलंय आणि तरी ज्याच्यासाठी घर अडून बसलंय, ते मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्याकडे लिनक्सचं यंत्र असेल आणि ते रेंगाळत असेल तर नवं घ्यायच्या आधी वेळ मोजून बघा. आणि मुलाला रागवायच्याही आधी.

जाते आता, बी. एड.चा अर्ज भरायचाय. थोरला शेजारी बसून सांगतोय, कुठे काय टाकायचं ते!