चकत्यांची चळत

हाताने फिरवायच्या जुन्या क्रीम सेपरेटरच्या दांड्यात एक छोटी घंटा असायची. दांडा सावकाश फिरत असेल तोवर ती फेऱ्यागणिक वाजायची आणि मिनिटाला साठच्या आसपास फेरे झाले की गप्प व्हायची. घंटा थांबली म्हणजे वेग जमला, आता वरची तोटी उघडून दूध सोडायचं. चालवणाऱ्याजवळ घड्याळ नसलं तरी वेग चुकू नये, यासाठी केलेली ही सोय. ज्या कारखानदाराने तिचा विचार केला, त्याला गोठ्यातली आणि स्वयंपाकघरातली माणसं ठाऊक होती, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

अण्णांचा लोण्या-तुपाचा धंदा होता. त्यांनी जुन्यात घेतलेलं यंत्र 'आल्फा-लावल'चं होतं. फिरवायचं काम अण्णांचं आणि धुवायचं आईचं, आणि दोन्हींत धुणं अवघड. यंत्राच्या पोटातल्या भांड्यात पत्र्याच्या शंकूसारख्या पातळ चकत्यांची चळत असते. आई त्या एकेक सुट्या करी, सोडा घातलेल्या कढत पाण्यात दोन्ही बाजूंनी घासी आणि तारेत ओवून उन्हात टांगी. प्रत्येक चकतीवर आकडा ठोकलेला असे. "नंबर बघून लाव गं," आई बजावायची. क्रम चुकला की भांडं थरथरायचं आणि लोणी कमी पडायचं. मला अंकओळख पाटीपेक्षा त्या चकत्यांवर जास्त झाली.

त्या चकत्या कुणाच्या डोक्यातून निघाल्या, हे पुढे डेअरी टेक्नॉलॉजी शिकताना कळलं. गुस्ताफ द लावल हा 1845 साली स्वीडनमधल्या ओर्सा इथे जन्मलेला इंजिनियर. उप्साला विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेला. दूध पसरट भांड्यांत रात्रभर ठेवायचं आणि वर आलेली साय काढून घ्यायची, हीच तेव्हा युरोपातली रीत. दूध गरगर फिरवून साय वेगळी काढण्याचे प्रयोग जर्मनीत सुरू होते, पण त्यात यंत्र दर वेळी थांबवून साय काढावी लागे. द लावलने 1878 मध्ये न थांबता चालणारं यंत्र केलं. एकीकडून दूध आत, दोन वाटांनी साय आणि सायविरहित दूध बाहेर. ऑस्कर लाम या भागीदाराबरोबर त्याने 1883 मध्ये 'एबी सेपरेटर' ही कंपनी काढली.

चकत्या मात्र त्याच्या नव्हेत. त्या क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम या जर्मन माणसाच्या. दुधातला फॅटचा कण इतका बारीक की भांड्याच्या कडेपासून मधोमध यायला त्याला वेळ लागतो. भांड्यात चकत्या रचल्या की दोन चकत्यांमधली फट जेमतेम अर्धा मिलिमीटरची उरते; कणाला तेवढंच अंतर कापायचं असतं, आणि पुढे तो चकतीच्या उतारावरून आपोआप आत सरकतो. तेवढ्याच भांड्यातून कितीतरी पट दूध निघू लागलं. कंपनीने हे पेटंट विकत घेतलं आणि 'आल्फा' या नावाने चकत्या बाजारात आणल्या. दुसऱ्याची कल्पना आपल्याहून सरस आहे हे ओळखून तिची किंमत मोजणं, आणि पुढे तेच नाव अभिमानाने आपल्या नावाआधी लावणं, हा त्या कंपनीच्या इतिहासातला सर्वांत मोठा शहाणपणा, असं माझं मत आहे. 1963 मध्ये कंपनीच 'आल्फा-लावल' झाली.

द लावल स्वतः एका कामात रमणारा नव्हता. सेपरेटरला वेग हवा म्हणून त्याने वाफेची टर्बाइन केली, आणि टर्बाइनसाठी आधी निमुळती होऊन पुढे रुंदावणारी नळी. आज रॉकेटच्या शेपटाशी जी नळी असते, ती हीच. त्याने एकामागून एक कंपन्या काढल्या, पैसा ओतला आणि गमावला. 1913 मध्ये तो गेला तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं. कंपनी मात्र वेगळं काढण्याच्या कामाला चिकटून राहिली. त्याच्या जोडीला 1938 पासून उष्णता देण्या-घेण्याच्या प्लेटा आल्या. त्याच आजही दूध पाश्चराइज करतात. जहाजाच्या इंजिनात जाणारं तेल साफ करणारे प्युरिफायर, बिअरमधलं यीस्ट काढणारी यंत्रं, औषध कारखान्यांतली यंत्रं, सगळीकडे चकत्यांची तीच चळत. पुण्याजवळ दापोडीला या कंपनीचा कारखाना आहे. पूर्वी तो 'व्हल्कन-लावल' म्हणून ओळखला जाई.

मी डेअरीत लागले तेव्हा समोर तासाला हजारो लिटर दूध घेणारा सेपरेटर होता. भांडं उचलायला चेन-पुली लागे. तरी भांडं उघडल्यावर चकत्या पाहून मला आईचं अंगण आठवलं. जुन्या फिटरकाकांनी मला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवली: लॉक रिंगवरची खूण आणि भांड्यावरची खूण पाहिल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. रिंगचे आटे उलटे असतात, म्हणजे फिरताना ती सैल होत नाही. रिंग घट्ट केल्यावर तिची खूण भांड्याच्या खुणेच्या फार पुढे सरकू लागली की समजायचं, आटे झिजले. मिनिटाला हजारो फेरे घेणारं ते जड भांडं सुटलं तर भिंतही अडवू शकत नाही. काका हाताने खूण चाचपत, बॅटरी मारून पुन्हा बघत आणि मगच बाजूला होत. असं काम करणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

यंत्र करणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो. धुणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसांचा जात नाही, याची मला खंत वाटते. चकती नीट घासली नाही तर बेख्टोल्सहाइमचं पेटंटही निकामी.

दुधाची पिशवी घ्याल तेव्हा तिच्यावरचा आकडा जरूर वाचा. टोन्ड दुधात 3 टक्के फॅट, डबल टोन्डमध्ये 1.5. गाय-म्हैस असं मोजून दूध देत नाही. सेपरेटर आधी जवळजवळ सगळी साय काढून घेतो आणि मग हवी तेवढीच परत मिसळली जाते. हे सगळं तुम्ही झोपेत असताना चालतं, आणि पाळी संपताना कुणीतरी त्या चकत्या धुवून ठेवतं.