ई-सात-एफ-ई

२०११ साली मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत शेतीपंपाच्या कंट्रोलरवर काम करत होते. डीबग बिल्ड उत्तम चालायचा. ऑप्टिमायझेशन लावून रिलीज बिल्ड चिपमध्ये टाकला, की बोर्ड सुरुवातीलाच मुका व्हायचा. तीन दिवस मी सी कोड ओळीन् ओळ वाचून काढला होता, पण चूक सापडत नव्हती. चौथ्या संध्याकाळी कंपनीतले आमचे वरिष्ठ सर खुर्ची ओढून शेजारी बसले. मी लूप समजावून सांगायला लागले, तर त्यांनी थांबवलं. "अगं, तू काय लिहिलंयस ते तीन दिवस ऐकतोय. चिपमध्ये काय गेलंय ते दाखव."

मला ते दाखवता येत नव्हतं. दोन वर्षं नोकरी झाली होती, तरी कंपायलरने बनवलेली फाइल मी एकदाही उघडून पाहिली नव्हती.

सरांनी टर्मिनलवर ऑब्जडंप, मायनस डी आणि फाइलचं नाव एवढंच टाइप केलं. पडदा भरून गेला. डावीकडे पत्ते, मधे हेक्स आकडे, उजवीकडे त्या आकड्यांचा अर्थ. मी घाबरले. सरांनी पेन्सिलचं टोक पडद्याला लावलं आणि फक्त माझ्या फंक्शनचं नाव शोधायला सांगितलं. बाकीच्या हजारो ओळी आज आपल्या नाहीत, म्हणाले.

सर ८०८५ या जुन्या प्रोसेसरवर शिकलेले. त्यांच्या वेळी किटवर हेक्स कीपॅड असायचा. सूचना कागदावर लिहायची, तक्त्यातून तिचा आकडा काढायचा आणि हाताने दाबायचा. त्या तक्त्याची वही त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती. ७६ म्हणजे थांब. सी३ म्हणजे उडी. इंटेलच्या आजच्या प्रोसेसरवर सी३ म्हणजे फंक्शनमधून परत फिरणं, हे त्यांनी मला फार प्रेमाने सांगितलं होतं. आकडा तोच, पण वाचणारा बदलला की अर्थ बदलतो. म्हणूनच ते ऑब्जडंपला मायनस डीऐवजी कॅपिटल डी लावू देत नसत. त्याने डेटाही सूचना समजून वाचला जातो आणि पडद्यावर अर्थहीन ओळी उमटतात.

त्या संध्याकाळी आम्ही माझ्या लूपपाशी पोचलो. इंटरप्ट येऊन फ्लॅग बदलेपर्यंत थांबायचं, एवढंच त्याचं काम. डीबग बिल्डमध्ये प्रत्येक फेरीला फ्लॅग मेमरीतून नव्याने वाचला जात होता. रिलीजमध्ये तो एकदाच वाचला होता, आणि शून्य निघाला की पुढे एकच सूचना होती: ई-सात-एफ-ई. तिच्यासमोर उडीचा पत्ता होता, आणि तो तिचा स्वतःचाच होता. स्वतःवरच उडी, कायमची. फ्लॅग बाहेरून बदलू शकतो हे मी कंपायलरला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे पुन्हा वाचायची त्याला गरज वाटली नाही. एक व्होलाटाइल शब्द घातला आणि बोर्ड बोलू लागला.

सर खूश झाले नाहीत. "आता पुन्हा डंप काढ. वाचन लूपच्या आत आलंय का बघ." आलं होतं. मग ते चहा सांगायला उठले.

ऑब्जडंप हा जीएनयू बिनयुटिल्सचा भाग. त्यासाठी आमच्या कंपनीला एक रुपयाही मोजावा लागला नाही. एवढ्या निरनिराळ्या प्रकारच्या फाइली त्याला उघडता येतात त्या बीएफडी नावाच्या लायब्ररीमुळे. असं काही करणं फार अवघड जाईल, असं रिचर्ड स्टॉलमन यांनी म्हटल्यावर डेव्हिड हेन्केल-वॉलेस यांनी 'त्यात काय मोठंसं' अशा अर्थाची ही तीन अक्षरं उत्तरादाखल म्हटली, आणि तेच नाव पडलं. त्या माणसांना मी कधी भेटणार नाही. पण त्या संध्याकाळच्या टेबलावर त्यांचाही हात होता, असं मी मनापासून मानते.

सरांचं ऋण वेगळं. तीन दिवस मी मला काय म्हणायचं होतं तेच वाचत होते, लिहिलेलं वाचत नव्हते. हे त्यांनी तोंडाने सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरून गेले असते. त्यांनी ते पत्त्यासकट दाखवलं. पुढच्या सगळ्या नोकऱ्यांत मला भाकरी मिळाली ती त्या एका सवयीवर.

निवृत्तीनंतर सर सांगलीला राहायला गेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही पडद्यावरचं बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. म्हणून दर दिवाळीला मी एखाद्या फंक्शनचा डंप मोठ्या टायपात छापून नेते. ते ओळीखाली बोट ठेवून वाचतात आणि अडलं की आधी पत्ता विचारतात. यंदाची सोळा पानं छापून झाली आहेत. एसटीचं तिकीट शुक्रवारचं आहे.