पस्तीस मिनिटं

सदाशिव पेठ, पुणे
८ जून

चि. सोनू,


रविवारी जेवताना तू म्हणालीस, "मामा, परवा पस्तीस मिनिटांत ऑफिसला पोचले," आणि मी आमटीची वाटी खाली ठेवली. तुझ्या ते लक्षात आलं नाही, ताईच्या आलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भात आणायला उठून गेली. तिच्यासमोर मला बोलायचं नव्हतं. फोन केला असता तर तू स्पीकर लावला असतास आणि शेजारी ती असतीच. म्हणून पत्र. तिला वाचायला देऊ नकोस.

तू विचारलंस ते एवढंच, की पावसाआधी मागचा टायर बदलावा का. बदल. नक्षीच्या खोबणीत जो लहानसा उंचवटा असतो त्याच्या बरोबरीला रबर आलंय, निघताना मी वाकून पाहिलं. खोबण इतकी उथळ झाली की पाणी बाजूला सारायला तिच्यात जागा उरत नाही आणि चाक पाण्यावर तरंगायला लागतं. रुंद टायरचा हट्ट सोड, कंपनीने दिलाय त्याच मापाचा घे. हवा टायर गार असताना भर, गाडी पळवून आल्या आल्या नको. तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं.

आता ती ३५ मिनिटं. त्यांच्यापायी तीन रात्री माझा डोळा लागलेला नाही.

तुमच्या दारापासून हिंजवडीपर्यंत १९ किलोमीटर, तेही सकाळी साडेनऊला. ३५ मिनिटांत म्हणजे ताशी ३२ ची सरासरी. ऐकायला किती गरीब आकडा! पण चांदणी चौक, बाणेरचा पूल, वाकड, आणि वाकडच्या पुढची ती रांग, या सगळ्यांत मिळून १२ मिनिटं तरी तू पाय टेकवून उभी असशील. उरलेल्या २३ मिनिटांत तू १९ किलोमीटर काढलेस. ही झाली ताशी ५० ची सरासरी, आणि पुण्यात ५० ची सरासरी पडायला कुठेतरी ७५ ला काटा न्यावा लागतो. कुठे नेलास तेही मला कळतं. सुतारवाडीपासून बालेवाडीपर्यंतचा हायवे. एका अंगाला ट्रक, दुसऱ्या अंगाला सर्व्हिस रोडवरून राँग साइडने येऊन मध्येच वर चढणारे. तिथे, सोनू?

आणि मिळवलंस किती? १० किलोमीटर ताशी ६० ने गेलीस तर १० मिनिटं लागतात, ५० ने गेलीस तर १२. जीव मुठीत धरून कमावलेली ती दोन मिनिटं वाकडचा एक लाल दिवा परत घेतो.

तू म्हणशील, मामा, गाडीला एबीएस आहे. आहे ना. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते बंधनकारक झालं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण ते चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. तुझ्या गाडीत तर ते पुढच्याच चाकाला आहे. तुझ्या डोळ्यांनी पाहायचं, मेंदूने ठरवायचं आणि बोटं ब्रेकवर जायची, यात जो एक सेकंद जातो त्यात एबीएस कुठे येतं? ताशी ५० ला त्या एका सेकंदात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे अख्ख्या बसहून जास्त. ब्रेक लागल्यावरचं अंतर आणखी निराळं, आणि ते वेगाच्या वर्गाने वाढतं. ५० चे ७५ केलेस की ते सव्वादोन पट झालं. हे भौतिकशास्त्र मीच तुला शिकवलंय, आमच्या जेवणाच्या टेबलावर, पोळपाट आणि काडेपेटी घेऊन. मार्क मिळाले आणि तू विसरलीस, असं करू नकोस.

पुढच्या गाडीमागे जागा सोड. तू परवा म्हणालीस तसं खरंच आहे, जागा सोडली की कोणीतरी कट मारून तिच्यात घुसतो. घुसू दे. पुन्हा सोड. सकाळभरात २० जण घुसले तर तू २० दुचाक्यांनी मागे पडलीस. सिग्नल सुटल्यावर २० दुचाक्या निघायला किती वेळ लागतो ते उद्या बघ. त्या घुसणाऱ्याचा राग डोक्यात घेऊन पुढचा किलोमीटर चालवणं हे त्याच्या घुसण्यापेक्षा घातक. तुझ्या रागाचं मला भय वाटतं, तो आमच्या आप्पांकडून आलाय.

आप्पांचं आठवलं म्हणून सांगतो. चेतकसाठी त्यांनी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होतो. गाडी दारात आली तोवर मला मिसरूड फुटलं होतं. इतकी वर्षं ज्या गाडीची वाट पाहिली ती त्यांनी जन्मात ४० च्या वर नेली नाही. आम्ही पोरं चिडायचो. आता वाटतं, ते प्रवास लवकर संपवायला बसतच नव्हते.

फुगेवाडीच्या अपघाताचं मी बोलत नाही. तुला त्यातलं माझं प्लास्टर आठवत असेल आणि त्यावर तू स्केचपेनने काढलेलं बदक. काय झालं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. का झालं ते मी मामीलाही सांगितलेलं नाही. आमची पहिली पाळी ७ ची. कार्ड ७ वाजून ३ मिनिटांनंतर पंच झालं की अर्धा दिवस कापत. हॅरिस पुलावर मी मनगट वळवून घड्याळ पाहिलं, पावणेसात झाले होते. पाहायला अर्धा सेकंद लागला असेल, त्यात काही झालं नाही. पण त्यानंतर मी रस्त्यावर नव्हतोच. मी गेटवर होतो, कार्ड माझ्या हातात होतं, आणि गाडी आपली दापोडीतून चालली होती. फुगेवाडीला थांबलेल्या ट्रकमागून एक आजोबा सायकल धरून पुढे आले. ते वाचले ही देवाची कृपा. नोकरी संपेपर्यंत पुढची १३ वर्षं मी घड्याळ बांधून गाडीवर बसलो नाही. मामाला पट्ट्याची ॲलर्जी आहे असं तुम्हा पोरांना मी सांगितलं होतं. ॲलर्जी नव्हती.

म्हणून तुझा तो आकडा ऐकून घास गिळवेना.

आणखी एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. ज्या रस्त्याने मी ३४ वर्षं गेलो त्यातला आनंद मी तुला दिला असं समजत होतो. पहिली येझदी घेतली तेव्हा जुन्या मुंबई रस्त्याने आकुर्डीला जाताना वाकडेवाडी मागे टाकून खडकीत शिरलं की मोठ्या झाडांखाली हवा एकदम बदलायची, अंगावरून ओला पंचा फिरवावा तशी. रोज त्याच जागी. पुढे बोपोडीत ती संपायची, तेही रोज त्याच जागी. बंद गाडीतल्या माणसाला शहर काचेतून दिसतं, आपल्या ते अंगाला लागतं. एप्रिलमध्ये वावळाच्या पापड्या उडत येऊन जर्किनला चिकटतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला दुसऱ्या पाळीहून परतताना अंधारात बुचाचा वास यायचा, झाड दिसायच्या आधी. तुझ्या वाटेवर पाषाणचा तलाव आहे. डिसेंबरात सकाळी तिथे गारवा गुडघ्यांना आधी कळतो. तुला कळला का कधी? ७५ ला सगळाच वारा सारखा लागतो.

त्रास मी नाकारत नाही. धूळ, एका पावसात उघडे पडणारे खड्डे, बसच्या खिडकीतून येणारी पिचकारी, कामाच्या पत्र्यांमधून उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत सगळ्यांनी एकदम घुसणं, हाफ क्लच धरून धरून दुखणारा डावा हात. मे महिन्यात सिग्नलला तर टाकीला मांडी लावता येत नाही. पण त्याच मे महिन्यात बघ, सिग्नलची पांढरी रेघ मोकळी सोडून सगळे दुचाकीवाले मागे ५० फुटांवर एका झाडाच्या सावलीत दाटीवाटीने उभे असतात. कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. सिग्नल सुटायला दहा सेकंद उरले की अख्खी सावली पुढे सरकते. हे बघितल्यावर या गावाच्या माणसांबद्दल मला पुन्हा माया वाटू लागते.

आणि ते "स्टँड!" साइड स्टँड खाली राहिला की अनोळखी माणूस शेजारून ओरडून सांगणार. कुणी "ताई, ओढणी!" म्हणून सांगेल, कुणी दिवसा दिवा चालू दिसला तर समोरून बोटांची उघडझाप करेल. पेट्रोल संपलं तर कोणीतरी मागून आपला पाय तुझ्या फूटरेस्टला लावून पंपापर्यंत ढकलत नेईल आणि नाव न सांगता निघून जाईल. यातलं पुष्कळ आता जातंय. २०१७ पासून नव्या गाड्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तेव्हापासून ती बोटांची खूण जवळजवळ मेलीच. स्टँड खाली असला तर हल्ली कितीतरी गाड्या सुरूच राहत नाहीत. सुरक्षेसाठी हे उत्तम आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण ओढणीसाठी अजून माणूसच लागतो, आणि तो माणूस तुझ्या शेजारून जाताना तुझ्याकडे बघण्याइतका निवांत असावा लागतो. तसं तुलाही व्हावं लागेल. नळ स्टॉपला त्या बाईंची ओढणी चाकात चालली होती तेव्हा तू मागे बसून ओरडली होतीस, १० वर्षांची असशील. त्या थांबल्या आणि तुझ्या गालाला हात लावून गेल्या. ती मुलगी मला रस्त्यावर हवी आहे.

हेल्मेटचा पट्टा. रविवारी निघताना तू हेल्मेट घातलंस आणि पट्टा लावला नाहीस, अंबाड्यामुळे बसत नाही म्हणालीस. मग अंबाडा खाली बांध, किंवा एक माप मोठं नको पण वेगळ्या घडणीचं हेल्मेट बघ. आयएसआयचा छाप बघून घे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १२९ व्या कलमात पट्ट्याने घट्ट बांधलेलं असंच लिहिलंय, नुसतं डोक्यावर ठेवलेलं नाही. पडताना पहिलं काय होतं माहीत आहे? डोकं जमिनीला लागायच्या आधी हेल्मेट उडून गेलेलं असतं. या एका बाबतीत मी तुझं काहीही ऐकणार नाही.

नदीपात्रातल्या रस्त्यावर शिकवताना पहिले दोन रविवार मी तुला पहिल्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही. तू रडलीस, घरी जाऊन ताईला सांगितलंस की मामाला शिकवता येत नाही. हळू चालवणं अवघड असतं म्हणून ते आधी शिकवलं. पाऊस आला की तेच दोन रविवार कामाला येतील. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट. महिनोन्‌महिने सांडलेलं तेल आणि धूळ यांचा लगदा तेव्हा वर येतो. शक्य असेल तर तेवढा वेळ आडोशाला थांब. पांढऱ्या पट्ट्यांवर, गटाराच्या झाकणांवर, उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यांवर आणि खोदकामावर टाकलेल्या पत्र्यांवर ब्रेकला हात लावू नकोस आणि वळूही नकोस, गाडी सरळ जाऊ दे. साचलेल्या पाण्यात खड्डा दिसत नाही, पुढच्या गाडीचं चाक कुठे आपटतं ते बघ. पाण्यातून बाहेर पडलीस की ब्रेक हलके दाबून वाळव. आणि भिडे पुलावर पाणी चढलं की बघायला म्हणून गर्दीत जाऊ नकोस, दरवर्षी जातेस.

गाडी विक असं मी म्हणणार नाही. ताई म्हणते, कॅबने जा. तिला मी आजवर थोपवून धरलंय. तुला गाडी शिकवायच्या आधी मी तिला जो शब्द दिला होता तो तुला माहीत आहे, आणि तो आता माझ्या हातात राहिलेला नाही, तुझ्या मनगटात आहे. ऑफिसला दहाला पोचायचं असेल तर पाऊण तास आधी नको, सव्वा तास आधी निघ. लवकर पोचलीस तर खाली चहा पी.

शनिवारी सकाळी १० ला येतो. टायर आपण दोघं जाऊन घालून आणू. चेनही सैल झालीय, आवाजावरून कळलं.

लिहिता लिहिता सिंहगडाच्या बाजूने काळं झालंय आणि गॅलरीत थेंब वाजायला लागलेत. तू सहाला निघतेस. आत्ता बालेवाडीच्या आसपास असशील. फोन हातात घेतला होता, पण खाली ठेवला. खिशात वाजला तर तुझं लक्ष जाईल. नऊपर्यंत थांबतो, मग ताईला करेन, दुसरंच काहीतरी निमित्त काढून.

तुझा,
मामा