स्कोअर हलत नाही तेव्हा

मेहनत करूनही आकडा हलत नाही, असं तुमचं झालंय का? माझं गोल्फमध्ये झालं. इथे फटके जितके कमी, तितकं चांगलं. जानेवारीत माझे 112 होते, जूनमध्येही 112! दर रविवारी पहाटे साडेपाचला उठून बाबांसोबत जायचं ते यासाठी? सोडूनच देणार होते.

बाबा म्हणाले, "आज फक्त ग्रीनवरचे फटके मोज." 72 पारच्या मैदानावर ते 36 धरलेले असतात, प्रत्येक होलला दोन. माझे निघाले 46. आणि मी सराव करत होते ड्रायव्हरचा, जो 18 होलमध्ये साधारण 14 वेळाच हातात येतो! (लांब मारण्यात मजा येते हो, काय करणार?)

आता अर्धा वेळ तीन फुटांवरून चेंडू आत ढकलत बसते. कंटाळा येतो. वहीत स्कोअर लिहीत नाही, फक्त ग्रीनवर तीन फटके लागलेली होल लिहिते. अकरा होती, सहा झाली. परवा वाळूत दोनदा अडकले, म्हणून कार्डावर 110च.

गुडघ्यामुळे बाबा नऊ होलनंतर थांबतात. मी परतले की स्कोअर विचारत नाहीत, आधी वही मागतात.