प्राग, पेडर रोड आणि बासरी

काही चित्रपट आधी कानांनी पाहावे लागतात. रने लालू यांचा 'ला प्लानेत सोव्हाज' (१९७३) हा अ‍ॅनिमेशनपट मला असा उलट्या क्रमाने भेटला. एका मित्राने केवळ त्याचे संगीत पाठवले होते. कन्नडला रात्री घाटाकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर विरळ झाली की मी ते ऐकत असे. अलँ गोराग्वेर हा मूळचा जॅझ पियानोवादक. वा-वा गिटार, इलेक्ट्रिक पियानो, संथ ड्रम्स आणि त्यांवर अलगद तरंगणारी बासरी, एवढ्या सामग्रीवर तो एकच धून निरनिराळ्या रंगांत मांडत राहतो. मुखड्यावर वारंवार परतणारी बंदिशच जणू. मात्र समेवर मिळणारा विसावा येथे मिळत नाही.

चित्रपट पुढे पाहिला. लाल डोळ्यांचे, निळे, महाकाय द्राग माणसांना पाळीव प्राण्यांसारखे बाळगतात. रोलाँ तोपोरची चित्रे थंड, कोरीव. क्रौर्याच्या प्रसंगीही ती धून फारशी विचलित होत नाही, आणि भीती वाटते ती नेमकी याचीच. दुःख आले की सारंगी वाजलीच पाहिजे, या आपल्या सवयीला हे पचणे कठीण.

हा चित्रपट प्रागमधील यिर्झी त्रन्का यांच्या नावाच्या स्टुडिओत घडला. त्याच त्रन्कांकडे शिकून आलेले प्रमोद पती मुंबईत, पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये (२०२२मध्ये ही संस्था एनएफडीसीत विलीन झाली), म्हणजे चक्क सरकारी नोकरीत, 'एक्सप्लोरर' (१९६८), 'ट्रिप' (१९७०), 'आबिद' (१९७२) असे लघुपट करीत होते. 'आबिद'मध्ये चित्रकार आबिद सुरती, तेच 'बहादूर'चे जनक, स्वतःच बाहुली होतात: जिवंत माणूस एकेका चौकटीत टिपून हलवलेला. 'एक्सप्लोरर'चे संगीत विजय राघव राव यांचे. तेही बासरीवादक, पं. रविशंकरांचे शिष्य. याला जॅझ म्हणण्याचा हट्ट नको. पण नाचणारे तरुण चेहरे पापणी लवण्याआधी बदलत असताना आपल्याला धरून ठेवतो तो ध्वनीच.

त्याच मुंबईत, त्याच दशकात, अशोक शहाण्यांच्या 'असो'सारखी लघुअनियतकालिके भाषा मोडून पाहत होती. ती आपण शिकवतो, त्यांवर दहा गुणांचा प्रश्नही काढतो. पती मात्र आपल्या टिपणांत नाहीत. शब्दच नसलेली कृती मराठीच्या तासाला कोणत्या खणात ठेवायची, ही अडचण मी समजू शकतो; पण साठोत्तरी बंड केवळ छापील होते असा समज विद्यार्थ्यांच्या पदरी घालणे मला मान्य नाही.

म्हणून एम.ए.च्या वर्गात 'एक्सप्लोरर' दाखवला. "सर, यात आशय काय?" अपेक्षित प्रश्न आला. ज्याच्या घरी गोंधळाची परंपरा आहे, जो स्वतः संबळ वाजवतो, असा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "आवाज बंद करून परत लावा ना." लावला. जेमतेम सात मिनिटांचा तो लघुपट संपता संपेना.