मुक्कामांच्या मापाने

१२ एप्रिल
मुलांच्या पुस्तकात आतल्या जोडपानावर वारीचा चित्रनकाशा हवा आहे. आळंदी ते पंढरपूर, सुमारे २५० किलोमीटर. छापील नकाशावर ट्रेसिंग ठेवून रस्ता उतरवला. वायव्येकडून आग्नेयेला गेलेली एक तिरकी रेघ. एस.टी.चा मार्गही असाच दिसेल.

१४ एप्रिल
जॉन ओगिल्बीचा १६७५चा ‘ब्रिटानिया’ पुन्हा चाळला. इंग्लंड-वेल्समधले रस्ते त्याने पट्ट्यांत कापून शेजारीशेजारी मांडले. पट्टी खालून वर वाचायची. रस्त्याची दिशा बदलली की होकायंत्र फिरतं. चढाला डोंगर सुलटा, उताराला उलटा! सगळं वाटसरूच्या नजरेने. माप मात्र कडक, मैलाला एक इंच. पट्ट्या घेते, ते माप मला नको. वारीत ‘किती किलोमीटर झाले’ यापेक्षा ‘आज मुक्काम कुठे’ हे महत्त्वाचं. म्हणून पट्टीवर एक मुक्काम, एक घर. पालखी पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री थांबते, तिथे दोन-दोन घरं, त्यांच्यामध्ये पाऊलवाट नाही. आळंदी डावीकडे खाली, पंढरपूर उजवीकडे वर. भूगोलाच्या बाई रागावतील.

२० एप्रिल
दिवेघाटात अडकले. पुणे-सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, त्यात हा चढ. घाट ऐसपैस काढून पाठवला. संपादकांचा फोन, “ताई, हे कळसूबाई झालंय.” मग डोंगर खाली आणला आणि रथापुढे बैलजोड्या वाढवल्या. घाटात जादा जोड्या जुंपतातच. उंची आता बैल सांगतात.

२६ एप्रिल
जेजुरीला भंडाऱ्याचा पिवळा. तो रंग नकाशात दुसरीकडे कुठेही नाही, अगदी झेंडूलासुद्धा नाही.
नीरेत पादुकांना स्नान. नदीपलीकडे सातारा जिल्हा लागतो, पण तुटक रेघेची जिल्हासीमा काढून टाकली. नदी पुरेशी आहे.
रिंगणाचं काम सोपं, कारण वरून पाहिलं तर ते मुळातच चिन्ह आहे. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, म्हणजे माणसांच्या दोन समांतर ओळी. पुढे गोल रिंगण, म्हणजे वर्तुळ. आत दोन घोडे. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी, तो माउलींचा. संपादकांना तिथे तेजोवलय हवं होतं. मी नाही म्हटलं. रिकामी पाठ पाहून मूल आजीला विचारेल, तेच हवं आहे. नकाशाच्या चिन्हसूचीत या घोड्याला जागा नाही.

३ मे
समाजआरती. चोपदार दंड उंचावतो आणि टाळ-मृदंग एकदम थांबतात. शांतता काढायची कशी? दंडाभोवती कागद कोरा ठेवला, गर्दी कडेला सारली. आरतीआधी हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. म्हणून चष्मा, पिशवी, एक चप्पल अशा वस्तू आधीच्या घरांत लपवल्या, मुलांनी शोधाव्यात.

९ मे
वाखरीला पट्ट्यांची शिस्त मोडली. देहू, त्र्यंबकेश्वर, पैठण, मुक्ताईनगर, सगळ्या पालख्या इथे येतात. चौकट फोडून त्यांच्या वाटा पानाच्या कडांवरून आत घेतल्या. पंढरपूरच्या घराला त्यामुळे कमी जागा उरली: एक कळस, चंद्रभागा, बाकी माणसंच. चालेल.
उद्या छपाईचा नमुना. या कागदावर पिवळा हिरवट उतरतो, तो आधी पाहायचा.